पुन्हा एकदा ट्रेनी

परदेशातल्या नोकरीची मुलाखत संपत आली तेव्हा समोरच्या तिघांपैकी सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुमचं एअरस्पेस काढून दाखवा." एअर ट्रॅफिक कंट्रोलरला, म्हणजे जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्याला, हा प्रश्न नवा नसतो. ट्रेनिंगमध्ये तो नकाशा इतक्या वेळा काढून घेतलेला असतो की झोपेतही हात चालावा. मी रनवे काढला, दोन्ही टोकांना दिशेचे अंश लिहिले, बाहेर जाणारे मार्ग, होल्डिंग म्हणजे विमानांनी घिरट्या घालत थांबायच्या जागा, लष्कराची हद्द, डोंगराच्या बाजूची किमान उंची, शेजारच्या सेक्टरला, म्हणजे दुसऱ्या कंट्रोलरच्या आकाशाच्या तुकड्याला, विमान कुठल्या बिंदूवर आणि किती उंचीवर सोपवायचं ते बाण. पेन कुठे अडलं नाही. त्यांनी कागद उचलला, नीट पाहिला, एका ठिकाणी बोट ठेवून मार्ग असा का वळतो ते विचारलं, मी सांगितलं. मग कागद खाली ठेवत म्हणाले, "फार छान. पण यातलं इथे काहीच उपयोगाचं नाही, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

बोलण्यात कुजकेपणा नव्हता. उलट आपुलकीच होती, कारण मुलाखतीच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं होतं की तेही फार वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून तिथे आले होते. मी "हो, कल्पना आहे" म्हणाले. उत्तर खरं होतं आणि योग्यही होतं.

तरी ते वाक्य मनातून जाईना.

आमच्या लायसन्सची रचनाच अशी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, पहिल्या परिशिष्टात कंट्रोलरची सहा रेटिंग्ज दिली आहेत: टॉवर (विमानतळावरची विमानं), अप्रोच (विमानतळाकडे येणारी आणि तिथून निघालेली), एरिया (लांबच्या मार्गावरची) आणि त्यांचे रडार असलेले, रडार नसलेले प्रकार. पण रेटिंग म्हणजे फक्त कामाची जात. ते काम कुठे करायची परवानगी आहे, हे वेगळं लिहिलेलं असतं, आणि तिथे एका जागेचं नाव असतं. हा टॉवर. हा सेक्टर. त्याच इमारतीतल्या शेजारच्या खोलीत बदली झाली तरी नवा नकाशा पाठ करायचा, पुन्हा कुणाच्या तरी शेजारी बसून शिकायचं, पुन्हा परीक्षा द्यायची. आणि हे सगळं मिळवल्यावर ते टिकवण्यासाठी वापरावं लागतं. रेटिंगचा वापर थांबला की ठरावीक काळाने ते बाद होतं, आणि तो काळ प्रत्येक देशाने आपापला ठरवायचा असला तरी सहा महिन्यांच्या पुढे जाता येत नाही. म्हणून परदेशातल्या नोकरीच्या प्रत्येक अर्जात एक रकाना असतो, 'या पोझिशनवर शेवटचं काम केल्याची तारीख'. किती वर्षं काम केलं हे त्याच्या खाली विचारतात. आधी तारीख. जिच्याकडे अनुभवाचं गाठोडं आहे पण जी गेलं वर्षभर मुलासाठी घरी आहे, तिचा अर्ज या पहिल्याच रकान्यात अडकतो, आणि मला हे बघून प्रत्येक वेळी गलबलून येतं, जरी हा नियम का आहे हे मला पूर्ण कळतं.

कारण हे काम हातातून किती लवकर निसटतं ते मी अनुभवलं आहे. मोठ्या रजेवरून परतल्यावर पहिल्या शिफ्टला हेडसेट कानावर चढवला की फ्रिक्वेन्सीवरचं सगळं नेहमीपेक्षा भरभर वाटतं. आवाज तेच, कॉलसाइन म्हणजे विमानांची रेडिओवरची नावं तीच, पण पूर्वी ज्या दोन विमानांमधल्या अंतराकडे बघायचीही गरज पडत नव्हती तिथे नजर दोनदा जाते. डोक्यात जे चित्र असतं, आम्ही सगळे त्याला 'पिक्चर'च म्हणतो, ते स्क्रीनवर नसतं. स्क्रीनवर ठिपके असतात. पुढच्या पाच मिनिटांत ते ठिपके कुठे असतील, कोण कोणाच्या वाटेत येईल, कोणाला आत्ताच थोडं वळवलं तर पुढचा गुंता होणारच नाही, ते पिक्चर. ते आपल्या जागेच्या शेकडो बारीकसारीक गोष्टींवर उभं असतं. संध्याकाळी वारा फिरतो तेव्हा आधी कुठली धूळ हलते. कुठल्या महिन्यात सूर्य मावळताना टॉवरच्या काचेतून थेट अंगावर येतो आणि रनवेचं एक टोक पाच-दहा मिनिटं नुसतं पांढरं दिसतं. कुठल्या कंपनीचे वैमानिक सांगायच्या आधीच वेग कमी करतात आणि मागच्याची पंचाईत करतात. डोंगरामागे रडारवर ठिपका कुठे क्षणभर पुसट होतो, आणि तो परत कुठे उगवायला हवा. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. हे माझ्यापर्यंत माझ्या इन्स्ट्रक्टरच्या तोंडून आलं, त्यांच्यापर्यंत त्यांच्या इन्स्ट्रक्टरकडून, आणि मी जिला शिकवलं ती ते आता पुढे देत असेल.

आणि मी निघाले आहे ते नेमकं हे सगळं मागे ठेवून.

जाहिराती वाचायचा काळ माझ्या आयुष्यात बराच लांबला. रात्रपाळी संपवून यावं, झोप येऊ नये, आणि फोनवर एकेका देशाची पानं उघडावीत. काही दारं बघताक्षणी बंद. अमेरिकेत कंट्रोलरची चणचण असल्याच्या बातम्या कितीही येवोत, तिथे सरकारी कंट्रोलर व्हायला नागरिकत्व लागतं, अर्ज करताना वय ३१च्या आत लागतं आणि ५६व्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. १९८१च्या ऑगस्टमध्ये संप केला म्हणून त्या देशाने आपल्या ११,३४५ कंट्रोलर्सना काढून टाकलं होतं, आणि ती पोकळी भरायला पुढे वर्षं गेली. एवढ्या ओढाताणीतही परदेशातून तयार माणूस आणून खुर्चीत बसवता आला नाही. ते वाचून मला वाईट वाटण्याऐवजी एक विचित्र दिलासा वाटला होता, की हे दार माझ्यासाठीच बंद नाही, ते कामाच्या स्वभावामुळेच तसं आहे. युरोपीय संघाचं गणित वेगळं. तिथे एका सदस्य देशाचं लायसन्स दुसऱ्या देशात बदलून मिळतं, पण ते त्यांच्या आपसात. बाहेरून आलेल्याला त्यांच्याच साच्यातून जावं लागतं. आखाती देशांच्या जाहिराती जास्त सरळ, कारण तिथली कित्येक युनिट्स, म्हणजे टॉवर आणि रडार केंद्रं, परदेशी कंट्रोलर्सवर चालत आली आहेत: रडार रेटिंग चालू हवं, अमुक वर्षं वर्दळीच्या जागी काम केलेलं हवं, इंग्रजीची पातळी हवी, मेडिकल हवं. वाचताना वाटतं, हे सगळं तर माझ्याकडे आहे. मग खाली बारीक अक्षरात असतं की नेमणूक स्थानिक ट्रेनिंग यशस्वी होण्यावर अवलंबून राहील.

माझी परिस्थिती त्यातल्या त्यात बरी, कारण माझ्याकडे चालू युनिट आहे. माझी एक मैत्रीण आहे, तिची कथा मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तिने स्वतःच्या हिमतीवर, कर्ज काढून, परक्या देशात जाऊन कंट्रोलरचं प्राथमिक ट्रेनिंग केलं. सिम्युलेटरवर ती अप्रतिम होती, मी तिच्या मूल्यमापनाची पानं वाचली आहेत. शेवटी हातात आलं ते विद्यार्थी लायसन्स. विद्यार्थी लायसन्सवर काम करता येतं ते फक्त कुठल्यातरी युनिटमध्ये इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली, म्हणजे आधी कुणीतरी तिला आपल्या युनिटमध्ये घ्यायला हवं. ज्या देशात शिकली तिथल्या संस्था आधी आपल्याच निवडलेल्या मुलांना घेणार. दुसऱ्या देशात अर्ज केला तर ते विचारतात, अनुभव किती? अनुभव कुठून आणणार? आणि वेळ थांबत नाही. युरोपीय नियमांत विद्यार्थी लायसन्स मिळाल्यापासून वर्षभरात युनिट ट्रेनिंग सुरू झालं नाही, तर आधी पूर्वीचं कौशल्य टिकलं आहे का याची तपासणी, आणि गरज पडली तर काही भाग पुन्हा. तिचं ते वर्ष कधीच उलटून गेलं. ती अजून अर्ज करते. प्रत्येक ठिकाणी नव्याने तीच निवड चाचणी, तेच हेडफोन लावून आकडे लक्षात ठेवणं, तेच फिरत्या ठिपक्यांचे खेळ, तीच दिशांची आणि आकारांची कोडी.

मला याबद्दल ठाम बोलायचं आहे. पैसे घेऊन कंट्रोलरचं प्राथमिक ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेने प्रवेश देण्याआधी समोर बसवून सांगायला हवं की आमचा कोर्स संपला म्हणजे तू कंट्रोलर होत नाहीस. तू कंट्रोलर होतेस ते युनिटमध्ये, आणि युनिट द्यायचं आमच्या हातात नाही. गेल्या वर्षी कितीजणांना युनिट मिळालं, कुठल्या पासपोर्टवर मिळालं, हे लेखी द्यायला हवं. वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांना निदान हे तरी ठाऊक असतं की लायसन्स मिळालं तरी नोकरी वेगळी शोधायची आहे. पण विमान कुठेही तेच विमान असतं, त्याच जातीच्या विमानावर शिकलेला माणूस दुसऱ्या देशात त्याच कॉकपिटमध्ये बसतो. आमच्याकडे आकाश बदललं की कॉकपिटच बदललं. हे बाहेरच्याला उमगत नाही, त्यात त्याचा दोष नाही. संस्थेला मात्र पक्कं माहीत असतं.

इंग्रजीच्या परीक्षेविषयी माझ्या मनात बराच काळ अढी होती. इतकी वर्षं रोज वेगवेगळ्या देशांच्या वैमानिकांशी बोलणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा बसवून चित्राचं वर्णन करायला लावायचं, हे कशासाठी? पातळी चार असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा, पाच असेल तर सहा वर्षांनी, आणि युरोपात तर सर्वोच्च सहावी पातळी असली तरी इंग्रजीसाठी नऊ वर्षांनी परत. मग एकदा परीक्षकाने मला ठरावीक वाक्यांच्या बाहेरचा प्रसंग दिला, विमानात एका प्रवाशाची प्रकृती बिघडली आहे आणि वैमानिक तुटक बोलतो आहे. मी त्याच्याकडून माहिती काढायची होती. त्या काही मिनिटांत मला जाणवलं की तपासलं जातंय ते हेच, ठरलेली वाक्यं संपतात तिथून पुढे काय. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीवर एक विमान १४ हजार फुटांवर चढलेलं होतं आणि समोरून उतरत येणाऱ्याला १५ हजारांवर थांबायचं होतं. कंट्रोलरने समोरच्या विमानाची माहिती दिलेली होती. उतरणारं विमान खाली आलं आणि ३४९ माणसं गेली. रेडिओवरचं बोलणं नीट पोचावं म्हणून त्यानंतरच्या काळात आयकाओने भाषेची पातळी सक्तीची केली. त्याच्याही आधी, जानेवारी १९९०मध्ये, न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं. वैमानिकांनी इंधन कमी असल्याचं सांगितलं होतं, प्राधान्य मागितलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती, आणि फ्रिक्वेन्सीवरच्या गर्दीत त्या बोलण्याची निकड कुणाच्या कानाला लागली नाही. ७३ जीव गेले. आता माझी परीक्षेबद्दल तक्रार नाही. उलट वाटतं, कानाची परीक्षा यापेक्षा कडक असावी.

कानाविषयी मी एवढं बोलते आहे त्याला कारण आहे. मुलाखतीतल्या त्या वाक्यानंतर मी बरेच दिवस स्वतःशी हिशेब मांडत होते, की नकाशा गेला तर माझ्याजवळ उरतं काय. पहिलं उत्तर आलं ते हेच. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो तेव्हा आकडा बरोबर असतो, पण त्याआधी जो अर्धा क्षण जातो त्यात तो गोंधळला आहे की नुसता कामात आहे, हे कळणं. एकाच वेळी दोघं बोलले तर खरखरीतून दुसरं कॉलसाइन कुणाचं असावं याचा अंदाज. फोन, शेजारच्या सहकाऱ्याचं पुटपुटणं आणि फ्रिक्वेन्सी एकत्र वाजत असताना त्यातलं आत्ता कुठलं महत्त्वाचं ते निवडणं. आणि दुसरं, विमान सोडून दिल्यावरही नजर त्याच्याकडे परत नेण्याची सवय. ही माझ्याबरोबर येणारच. तिला जागेचं नाव नाही. पण मला हेही दिसतं की अर्जात हिच्यासाठी रकाना असू शकत नाही. 'कान चांगला आहे' हे कोण प्रमाणित करणार? नव्या युनिटच्या फ्रिक्वेन्सीवर मला बोलताना ऐकल्याशिवाय ते कुणालाच कळणार नाही. म्हणजे फिरून आपण त्याच ठिकाणी येतो: शेजारी बसा, आणि दाखवा.

शिवाय जी सवय बरोबर येते तिच्यात नको असलेलीही येते. नव्या घरात वीज गेल्यावर हात जसा जुन्या घरातल्या कोनाड्याकडे जातो, तसं जीभ जुन्या युनिटच्या वाक्यांकडे धावते. आणि देशोदेशीचे फरक काही थोडेथोडके नाहीत. वैमानिकाने हवेच्या स्थानिक दाबावरून उंची मोजायची की प्रमाण दाबावरून, हे जिथे बदलतं ती उंची अमेरिकेत १८ हजार फूट, न्यूझीलंडमध्ये १३ हजार, ऑस्ट्रेलियात १० हजार, आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याहून कितीतरी खाली. दाब बहुतेक जगात हेक्टोपास्कलमध्ये सांगायचा, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. चीनमध्ये उंची मीटरमध्ये. रनवेवर येऊन थांबायची सूचना २०१०पर्यंत अमेरिकेत वेगळ्या शब्दांत देत असत, मग त्यांनीही बाकी जगाची वाक्यरचना घेतली. शांत वेळी हे सगळं शिकता येतं. प्रश्न असतो तो दहा विमानं एकदम आल्यावरचा, कारण ताणात माणूस सगळ्यात जुनं शिकलेलं बोलतो. मी इन्स्ट्रक्टर असताना दुसऱ्या युनिटमधून आलेल्या अनुभवी ट्रेनीजना शिकवलं आहे. नव्या कोऱ्या मुलापेक्षा त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागे. नवखा अडला की गप्प होतो आणि ते लगेच कळतं. अनुभवी माणूस अडत नाही. तो आत्मविश्वासाने बोलतो, सफाईने बोलतो, फक्त दुसऱ्याच कुठल्यातरी आकाशासाठी. मध्येच बोलून चूक सावरता यावी म्हणून माझं बोट अशा वेळी रेडिओच्या बटणावर टेकलेलंच असायचं.

आता माझ्या शेजारी कुणाचं तरी बोट तसं टेकलेलं असणार.

दुसऱ्या देशात जाऊन कंट्रोलर झालेल्या माणसांचा विचार मनात आला की मला पीटर नील्सन आठवतात. १ जुलै २००२च्या रात्री ज़्यूरिकच्या केंद्रात ते एकटे दोन पोझिशन्स सांभाळत होते. दुसरा सहकारी विश्रांतीला गेलेला, मुख्य फोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद, रडार कमी क्षमतेवर. जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर दोन विमानं एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होती हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा वेळ फार थोडा उरला होता. त्यांनी एकाला खाली उतरायला सांगितलं. त्याच विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र त्याला वर जायला सांगत होतं. दुसऱ्या विमानाला त्याच्या यंत्राने खाली जायला सांगितलं आणि ते खाली गेलं. ७१ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. यंत्र आणि कंट्रोलर यांत फरक पडला तर कुणाचं ऐकायचं, याबाबत तेव्हा सगळीकडे एकच पक्की शिकवण नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेली माणसं एका आकाशात समोरासमोर आली होती. त्यानंतर यंत्राचंच ऐकायचं हे निःसंदिग्धपणे ठरलं. नील्सन मूळचे डेन्मार्कचे. नोकरीसाठी स्वित्झर्लंडमध्ये आलेले. २००४च्या फेब्रुवारीत, त्या अपघातात बायको आणि दोन मुलं गमावलेल्या माणसाने त्यांच्या दारात त्यांचा खून केला. त्या रात्रीच्या कर्मचारी व्यवस्थेतल्या आणि दुरुस्तीच्या नियोजनातल्या त्रुटी चौकशी अहवालात स्पष्ट आल्या, पण तोपर्यंत जगाला चेहरा एकाच माणसाचा दिसला होता.

मी हा अहवाल अनेकदा वाचला आहे, ट्रेनिंगमध्ये शिकवलाही आहे. परदेशी जायचं ठरवल्यावर पुन्हा वाचला तेव्हा वेगळ्याच जागी थांबले. रात्री एकटं बसायची प्रथा त्या युनिटमध्ये आधीपासून चालत आलेली होती. नवीन जागी गेलेला माणूस अशा प्रथांना 'इथे असंच असतं' म्हणून मान तुकवतो, कारण आपण बाहेरून आलो आहोत, आपण आधी शिकायचं, मग बोलायचं. आपल्या आकाशात मी ज्या गोष्टीला ताबडतोब नाही म्हटलं असतं तिला परक्या युनिटमध्ये किती महिन्यांनी नाही म्हणू शकेन? नील्सन यांच्या मनात काय होतं ते मला माहीत असण्याचं कारण नाही आणि मी त्यावर काही लादू इच्छित नाही. मी माझ्याबद्दल विचारते आहे. ट्रेनी असताना 'मला हे बरोबर वाटत नाही' म्हणता येणं, ही माझ्या मते नव्या युनिटची पहिली परीक्षा आहे. म्हणून मी मुलाखतीत शेवटी काही विचारायचं आहे का म्हटल्यावर पगार विचारला नाही. रात्री किती जण असतात आणि विश्रांतीला कोण सोडवतं, हे विचारलं. त्या वयस्कर गृहस्थांनी लगेच उत्तर दिलं नाही. रोस्टर मागवून दाखवलं.

मधल्या काळात कुणीतरी मला म्हणालं की आता हे सगळं बदलेल, टॉवरच आता जागेवर राहिलेले नाहीत. हे खरं आहे. स्वीडनमध्ये २०१५पासून अर्न्शल्द्सविक विमानतळाची विमानं सुंड्सवालमधल्या खोलीतून कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर बघून हाताळली गेली, आणि २०२१मध्ये लंडन सिटी विमानतळाच्या टॉवरचं काम दूरच्या स्वानिक केंद्राकडे गेलं. खिडकी उरली नाही, सूर्य अंगावर यायचा राहिला नाही. पण त्या खोलीत बसणाऱ्याच्या लायसन्सवर अजूनही त्या त्या विमानतळाचंच नाव असतं. पडदा कुठेही असो, वारा तिथलाच वाहतो आणि पक्षी तिथलेच उडतात.

नेमणुकीचं पत्र आलं. त्यात अपेक्षित होतं ते सगळं आहे. ट्रेनी म्हणून सुरुवात, ठरलेल्या मुदतीत चेकआउट म्हणजे एकटीने काम करण्याची परीक्षा, झालं नाही तर करार संपेल. माझ्या इथल्या लायसन्सची खातरजमा दोन देशांची कार्यालयं परस्पर करणार, माझ्या हातातल्या प्रतीला त्यात काही किंमत नाही. मेडिकल त्यांच्या डॉक्टरकडून पुन्हा. आणि हिशेबाची एक कडू बाजू, जी पत्रात लिहिलेली नसते: मी इथली शिफ्ट सोडली की इथलं एन्डॉर्समेंट, म्हणजे या जागेवर काम करायची परवानगी, क्षीण व्हायला लागेल, आणि तिथलं मिळेपर्यंत मी कुठल्याच आकाशाची कंट्रोलर नसेन. तिथे नापास झाले तर परत येऊन इथेही ट्रेनी. माझ्या ओळखीत असं झालेलं आहे, चांगल्या माणसांचं झालेलं आहे. त्यांतल्या एकाने मला सांगितलं होतं की नापास झाल्यापेक्षा, परत आल्यावर आपणच शिकवलेल्या मुलाने आपली परीक्षा घेतली तो दिवस जड गेला. मी त्यावर खूप विचार केला. मला त्या दिवसाची भीती वाटते हे खरं. पण ज्या मुलीला मी शिकवलं ती जर माझी परीक्षा घ्यायला बसली आणि तिने मला सूट दिली नाही, तर मला तिचा अभिमानही वाटेल.

मैत्रिणीला पत्राची बातमी दिली तेव्हा ती मनापासून आनंदली. मग म्हणाली, "तू निदान कुठूनतरी कुठेतरी चालली आहेस गं." त्यावर मला काही बोलता आलं नाही. पुढच्या महिन्यात तिची एका ठिकाणी निवड चाचणी आहे, अगदी पहिल्या पायरीपासून, आधीचं शिक्षण गृहीत न धरता. ती जाणार आहे. मी तिला संध्याकाळी फोनवर आकडे वाचून दाखवते, ती उलट क्रमाने म्हणते.

मी राजीनामा दिलेला नाही. बिनपगारी रजेचा अर्ज दिला आहे, तो वर गेला आहे. दरम्यान नव्या युनिटने त्यांचं मॅन्युअल पाठवलं आणि मी वाचायला घेतलं. नकाशे स्वच्छ आहेत, उंच्या स्पष्ट आहेत, शेजारच्या सेक्टरशी ठरलेले करार नीट लिहिलेले आहेत. समासात पेन्सिलीने प्रश्न लिहीत चालले आहे. उत्तरेकडून येणारे सगळे एकाच बिंदूवर का आणता, वादळ तिथेच बसलं तर काय करता? संध्याकाळी वारा फिरतो का, आणि फिरताना आधी कुठे कळतं? रडारवर कुठे पुसट होतं? वेग आधीच कमी करणारे कोण? यांची उत्तरं मॅन्युअलच्या पुढच्या भागातही नाहीत, मी शेवटपर्यंत पाहिलं. ती तिथल्या कुणाच्या तरी शेजारी हेडसेट लावून बसल्यावरच मिळतील, आणि पहिल्याच शिफ्टला विचारायची म्हणून मी त्यांची वेगळी यादी केली आहे.